पोटावर जुना व्रण नाही, तरीही आतडं अडलं

लहान आतडं अडल्याचा संशय आला की सर्जन पोट चाचपण्याआधी त्यावरून नजर फिरवतो. आधीच्या ऑपरेशनचा व्रण दिसतो का? बेंबीजवळ किंवा जांघेत हर्नियाचा फुगवटा आहे का? एवढं पाहिलं की बऱ्याचदा कारण हाती लागतं. जिथे पोटाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात, तिथे आतडं अडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. त्याखालोखाल हर्निया आणि कर्करोगाच्या गाठी. क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशांत आतड्याचा क्षयही या यादीत बराच वर येतो.

हा लेख उरलेल्या रुग्णांबद्दल आहे. पोटावर व्रण नाही, हर्निया हाताला लागत नाही, तरी कळा आणि उलट्या थांबत नाहीत आणि एक्स-रेत आतड्याची वेटोळी फुगलेली दिसतात. अशा वेळी जी कारणं निघतात ती एकेकटी फार विरळ, पण त्यांची यादी लांब आहे. ती समजून घ्यायला हवी, कारण प्रत्येक कारणासाठी सर्जनच्या हाताला वेगळं काम करावं लागतं. कुठे आतड्याचा तुकडा काढायचा, कुठे नुसता पीळ सोडवायचा, कुठे वळसा घालून नवी वाट द्यायची, कुठे एक कडा चुकूनही कापायची नाही, आणि कुठे पोट उघडायचंच नाही. घरच्यांच्या कानावर मात्र एकच वाक्य पडतं: "आतडं अडलंय, ऑपरेशन लागेल." त्या वाक्याच्या आत काय काय असू शकतं ते इथे उलगडून सांगायचा प्रयत्न आहे.

अडणं म्हणजे काय

लहान आतडं ही काही मीटर लांबीची आणि साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची नळी. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आपण खातो-पितो ते सगळं धरून दिवसाला सुमारे ८ ते ९ लिटर द्रव तिच्यात उतरतो. त्यातला बहुतेक भाग आतड्यातूनच पुन्हा रक्तात शोषला जातो. वाट बंद झाली की अडथळ्याच्या वरच्या बाजूला हा द्रव आणि गिळलेली हवा साचत जाते. रुंदी ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली की स्कॅन वाचणारे डॉक्टर आतडं फुगलं आहे असं लिहितात. अशी ताणलेली भिंत पाणी शोषणं सोडते आणि उलट आत पाणी सोडू लागते. त्यामुळे उलट्या फार झाल्या नसल्या तरी रुग्ण कोरडा पडतो, लघवी कमी होते, रक्तातलं पोटॅशियम घसरतं.

लक्षणं चार: राहून राहून येणारी कळ, उलटी, पोट फुगणं, आणि शौच व वात बंद होणं. चारही एकत्र असतीलच असं नाही. अडथळा वरच्या टोकाला असेल तर हिरव्या उलट्या लवकर सुरू होतात, पोट मात्र सपाट राहतं. सुरुवातीला शौचालाही होऊ शकतं, कारण अडथळ्याच्या खाली आधीपासून असलेला मळ बाहेर पडतोच. "सकाळी पोट साफ झालं होतं, मग अडलेलं कसं असेल?" या प्रश्नाने पुष्कळ वेळ वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे अशा पोटदुखीत जुलाबाचं औषध घेणं. पुढे रस्ता बंद असताना ते मागून रेटा वाढवतं.

आतापर्यंत सांगितलं ते साधं अडणं. खरा धोका असतो आतड्याचं एखादं वेटोळं दोन्ही टोकांना आवळलं जातं तेव्हा. त्या वेटोळ्यातलं वर येऊ शकत नाही, खाली जाऊ शकत नाही, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्याही त्याच आवळणीत सापडतात. आधी शिरा दबतात, रक्त आत येतं पण परत जात नाही, भिंत सुजते आणि जांभळी होते. मग धमन्या बंद पडतात. काही तासांत आतडं काळं पडू शकतं. येणारी-जाणारी कळ जाऊन एकसारखं दुखू लागलं, नाडी धावू लागली, ताप आला, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं द्रव्य) वाढलं, तर हे घडत असल्याचा संशय घ्यायचा. यातलं काहीच नसलं तरी आतडं सुखरूप आहे अशी हमी मिळत नाही, ही गोष्ट अनुभवी सर्जन कधी विसरत नाहीत.

सर्जनांच्या जुन्या पिढीचा नियम कडक होता: अडलेल्या आतड्यावर सूर्य उगवू देऊ नका, मावळू देऊ नका. चिकटलेल्या आतड्यांसाठी तो आता सैल झाला आहे. नाकातून जठरात नळी घालून साचलेलं बाहेर काढतात, सलाइन चालू ठेवतात, आणि नळीतूनच पाण्यात विरघळणारं एक कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं, औषध देतात. २४ तासांच्या आत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं एक्स-रेत दिसलं तर ऑपरेशन टळण्याची शक्यता चांगली असते. आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल तर अशी वाट साधारण ७२ तास पाहतात.

व्रण नसलेल्या पोटासाठी मात्र "उघडून पाहा" हाच नियम अनेक दशकं होता. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटी स्कॅनमुळे आता आधीच बरंच कळतं. असं कळलेलं कारण पुष्कळदा पुढच्या प्रकारांपैकी एक निघतं.

आतल्या खिंडीत अडकलेलं आतडं

हर्निया म्हटलं की बाहेर दिसणारा फुगवटा डोळ्यांसमोर येतो. पण पोटाच्या आतही कप्पे, घड्या आणि फटी असतात. लहान आतडं मेसेंटरी नावाच्या पंख्यासारख्या पडद्याला टांगलेलं असतं आणि त्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या येतात. गर्भात आतडी जागेवर बसताना एखादी घडी नीट चिकटली नाही तर तिथे पिशवीसारखी पोकळी राहते. अशा पोकळीत आतडं शिरलं की त्याला आंतरिक हर्निया म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही. कित्येकांना वर्षानुवर्षं जेवणानंतर दुखतं आणि आपोआप थांबतं. तपासणी होते तेव्हा आतडं परत जागेवर आलेलं असतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. अशा माणसाला "तुमचं दुखणं मनाचं आहे" असं सांगितलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

जन्मजात प्रकारांत सर्वांत जास्त आढळतो तो ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, शेजारच्या कप्प्यातला. तो उजवीकडच्यापेक्षा डावीकडे सुमारे तिप्पट वेळा सापडतो. इथे शरीररचना पाठ असावी लागते. डावीकडच्या पिशवीच्या तोंडाशी पुढच्या कडेत इन्फिरिअर मेसेंटरिक शीर आणि मोठ्या आतड्याला रक्त नेणारी धमनी असते. उजवीकडच्या तोंडाशी खुद्द सुपिरिअर मेसेंटरिक धमनी असते, आणि जवळजवळ सगळं लहान आतडं तिच्या रक्तावर जगतं. तोंड अरुंद आहे म्हणून ते घाईने कापून रुंद करणं म्हणजे या रक्तवाहिन्यांशी गाठ. म्हणून सर्जन हलक्या हाताने वेटोळी एकेक करून बाहेर ओढतो आणि मग तोंड टाक्यांनी बंद करतो. उजवीकडे बहुधा मोठ्या आतड्याचा उजवा भाग बाहेरच्या बाजूने सोडवून पिशवीची पोकळीच मोडून टाकतात, म्हणजे धमनीच्या वाटेला जावंच लागत नाही.

याच जातीचा एक नवा प्रकार माणसानेच तयार केला आहे. वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया करतात, तेव्हा आतड्याची जोडणी बदलते आणि मेसेंटरीत नव्या फटी तयार होतात. त्यातली एक जर्मन सर्जन पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे वजन उतरलं की मेसेंटरीतली चरबी वितळते आणि फटी आणखी सैल होतात. त्यामुळे ऑपरेशन उत्तम पार पडलेल्या, वजन छान उतरलेल्या माणसाला वर्षा-दोन वर्षांनी अचानक पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्रण एवढेसे असतात की कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. गरोदरपणात गर्भाशय आतड्यांना वर ढकलत असल्याने धोका वाढतो, आणि दुखणं गर्भामुळेच असेल असं वाटून राहतं. स्कॅनमध्ये मेसेंटरीच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या दिसल्या तर ती मोठी खूण. स्कॅन साफ असला आणि दुखणं थांबत नसलं तरी अशा रुग्णात दुर्बीण घालून आत पाहणं योग्य असतं. २०१६ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने दाखवलं की मूळ ऑपरेशनच्या वेळीच या फटी शिवून टाकल्या तर पुढे आतडं अडून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. बायपास झालेल्या प्रत्येकाने पोटदुखीसाठी कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी.

मांडी दुखते म्हणून आलेली आजी

ऑबट्युरेटर हर्निया हा बाहेर जाणाराच हर्निया, पण दडलेला. ओटीपोटाच्या हाडात पुढे दोन मोठी छिद्रं असतात. ती एका पडद्याने झाकलेली असून त्यात नस आणि रक्तवाहिन्या जाण्यापुरती बारीक वाट असते. तरुणपणी ती चरबीने बुजलेली असते. म्हातारपणी वजन खूप उतरलं की ती मोकळी होते आणि आतड्याचा तुकडा तिथे शिरतो. हा आजार बहुतेक वेळा कृश, वयस्कर, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांत दिसतो. उजवीकडे जास्त, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा एक भाग ती वाट झाकून ठेवतो.

फुगवटा मांडीच्या स्नायूंखाली लपतो. पण त्याच वाटेने जाणारी नस दबते आणि मांडीच्या आतल्या बाजूला, पार गुडघ्यापर्यंत दुखतं. पाय सरळ केला की वाढतं, पोटाशी घेतला की कमी होतं. हाउशिप-रोमबर्ग खूण ती हीच. ती सगळ्यांत सापडत नाही, आणि सापडली तरी संधिवात किंवा कंबरदुखी समजून गुडघ्याला मलम लावलं जातं. उलट्या करणाऱ्या आजींनी मांडी दुखते असं सांगितलं तर ती दोन दुखणी एकत्र जोडणारा कुणीतरी हवा. सीटी स्कॅन ओटीपोटाच्या तळापर्यंत घेतला तर निदान काही मिनिटांत होतं.

यात बरेचदा आतड्याच्या परिघाचा एक भागच चिमटीत सापडतो, त्यामुळे वाट पूर्ण बंद न होताही तेवढी भिंत मरू शकते. ऑपरेशनमध्ये आतडं जोरात ओढलं तर ती फाटते. हळुवार सोडवायचं, मेलेला भाग असेल तर काढून टोकं जोडायची, आणि छिद्र बंद करायचं. पोटात घाण झाली नसेल तर जाळी बसवता येते, झाली असेल तर बहुधा टाक्यांवरच भागवतात.

आतड्यात बाहेरून आलेली वस्तू

पित्ताशयातला खडा आतडं अडवतो, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं, कारण पित्तनलिका एवढी बारीक की मोठा खडा तिच्यातून उतरूच शकत नाही. तो तिथून येतही नाही. वर्षानुवर्षं सुजलेलं पित्ताशय शेजारच्या ड्युओडेनमला चिकटतं, खडा दोन्ही भिंती झिजवत जातो, आणि एक दिवस थेट आतड्यात पडतो. अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पुढे कुठेतरी अडकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात. वाटेत तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. उलट्या होतात, थांबतात, पुन्हा होतात. त्यात रुग्ण वयस्कर, मधुमेह-रक्तदाबाचे आजार सोबत. म्हणून निदानाला उशीर होतो. स्कॅनमध्ये तीन गोष्टी शोधतात: फुगलेलं आतडं, नको त्या जागी खडा, आणि पित्तनलिकांत हवा. ही त्रयी लिओ रिग्लर यांनी १९४१ मध्ये मांडली. तिन्ही एकत्र दर वेळी दिसत नाहीत.

इथली शस्त्रक्रिया मला फार आवडते, कारण तिच्यात संयम आहे. खडा जिथे रुतलाय तिथली भिंत सुजलेली, नाजूक असते. म्हणून तिथे चीर देत नाहीत. खडा बोटांनी हळूहळू वर, चांगल्या आतड्यात सरकवतात, तिथे आतड्याच्या लांबीच्या दिशेने छोटी चीर देऊन तो काढतात आणि ती चीर आडवी शिवतात, म्हणजे नळी अरुंद होत नाही. मग उरलेलं सगळं आतडं चाचपायचं, कारण मागे दुसरा खडा दडलेला असू शकतो. राहिला प्रश्न पित्ताशय आणि आतड्यामधल्या भगदाडाचा. तेही त्याच बैठकीत दुरुस्त करावं का, यावर सर्जनांत मतभेद आहेत. रुग्ण थकलेला, कोरडा पडलेला असेल तर नुसता खडा काढून बाहेर पडणं शहाणपणाचं, असं बहुतेकांचं मत आहे आणि मला ते पटतं. पुष्कळदा ते भगदाड पुढे आपोआप मिटतं.

खड्यासारखंच काम न पचलेल्या तंतूंचा गोळा करतो. आधी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत, नीट चावता न येणाऱ्यांत असे गोळे होतात. पर्सिमन नावाच्या फळातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा आम्लाशी संयोग होऊन बनणारा गोळा तर दगडासारखा घट्ट असतो. सर्जन तो आधी बोटांनी कुस्करून मोठ्या आतड्यात ढकलायचा प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर चीर देतो. जठरात दुसरा गोळा आहे का तेही पाहावंच लागतं.

केसांच्या गोळ्याची गोष्ट वेगळी. स्वतःचे केस उपटून गिळणाऱ्या मुलांत, बहुतेक मुलींत, जठराच्या आकाराचा केसांचा साचा तयार होतो आणि कधी त्याची शेपटी लहान आतड्यात दूरवर उतरते. १९६८ मध्ये या प्रकाराला परीकथेतल्या लांब केसांच्या रापुन्झेलचं नाव मिळालं. केस पचत नाहीत, विरघळत नाहीत. मोठा गोळा जठराला चीर देऊनच काढावा लागतो. पण ते काम तासाभराचं. केस गिळण्यामागचा मनाचा त्रास तसाच राहिला तर गोळा पुन्हा होतो, म्हणून मानसोपचार हा याच उपचाराचा भाग आहे. अशा मुलीला रागावून, लाजवून काहीही साधत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी. पोटात शेकडो जंत झाले तर त्यांचा गुंता आतडं अडवतो. बहुतेक मुलं नळी आणि सलाइनवर बरी होतात, आणि अडथळा पूर्ण असताना जंतांचं औषध घाईने देत नाहीत. ऑपरेशन लागलंच तर आतडं न उघडता जंतांचा पुंजका पिळत पिळत मोठ्या आतड्यात सरकवणं उत्तम, कारण जिवंत जंत टाक्यांच्या रेषेतूनही बाहेर येऊ शकतात. दुसरी गोष्ट पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांची: गिळताना ते बारीक असतात, आतड्यात कितीतरी पट फुगतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. तिसरी चुंबकांची. एक चुंबक बहुधा निघून जातो. दोन गिळले तर ते दोन वेटोळ्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि त्या भिंतींना भोक पडतं. मुलाने एकाहून अधिक चुंबक गिळल्याची शंका जरी असली तरी वाट पाहत बसायचं नाही.

भिंतीतच असलेलं कारण

१८०९ मध्ये योहान मेकेल यांनी वर्णन केलेली पिशवी सुमारे दोन टक्के माणसांत असते. गर्भाच्या आतड्याला बेंबीशी जोडणाऱ्या नळीचा तो अवशेष. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथून साधारण ६० सेंटिमीटरच्या आत ती सापडते. बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ता लागत नाही. पण तिच्यापासून बेंबीपर्यंत दोरीसारखा पट्टा राहिला असेल तर आतडं त्याभोवती पीळ घेतं किंवा त्याखाली अडकतं. पट्टा कापायचा, पिशवी काढायची, काम संपतं.

आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळकांड्यासारखा सरकण्याचा प्रकार लहान बाळांत नेहमीचा आहे आणि तिथे गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून तो बहुधा सरळ करता येतो. मोठ्या माणसाचं तसं नाही. मोठ्यांत आतडं खरोखर अडवणाऱ्या अशा प्रकारामागे बहुतेक वेळा गाठ असते: चरबीची साधी गाठ, पॉलिप किंवा कर्करोग. मोठ्या आतड्यातलं सरकणं असेल आणि गाठ कर्करोगाची वाटत असेल तर ओढून सोडवण्याऐवजी तो भाग तसाच काढतात. लहान आतड्यात कारण साधं वाटलं तर आधी सोडवून कमी लांबी काढता येते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असं छोटं, क्षणिक सरकणं योगायोगाने दिसलं, अडथळा नाही आणि गाठही नाही, तर त्याला काही करावं लागत नाही. रिपोर्टमधला शब्द वाचून घाबरलेल्या माणसाला हे सांगायला हवं.

वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात कधी कधी कागदासारखे पातळ आडवे पडदे तयार होतात आणि त्यांत मधोमध काही मिलिमीटरचं भोक उरतं. सर्जनची इथे कसोटी लागते, कारण बाहेरून आतडं जवळजवळ नॉर्मल दिसतं आणि पडदे बोटांना जाणवत नाहीत. मग चीर देऊन फुगा लावलेली नळी आतून फिरवतात, ती जिथे अडते तिथे पडदा. कधी या आजाराचा शोध वेगळ्याच तऱ्हेने लागतो: आतड्याचे फोटो काढण्यासाठी गिळलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल त्या पडद्यापाशी अडकून बसते. गर्भाशयाचं अस्तर आतड्यावर रुजल्यानेही वाट अरुंद होते. पाळीच्या दिवसांत वाढणारं पोटदुखणं आणि उलट्या ही त्याची खूण, आणि ती विचारल्याशिवाय बहुधा सांगितली जात नाही.

पीळ, कात्री आणि कोष

गर्भात आतडं घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश फिरून जागेवर बसतं. ते फिरणं अपुरं राहिलं तर मेसेंटरीचं मूळ अरुंद राहतं आणि सगळं लहान आतडं एका देठावर लटकतं. त्याला पीळ पडला तर एका दिवसात बाळ सगळं आतडं गमावू शकतं. म्हणून नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की तो तातडीचा प्रसंग. मोठेपणी हे कळणारे लोक फार थोडे, पण आहेत. विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया आजही करतात: पीळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवायचा, आवळणारे पट्टे कापायचे, मेसेंटरीचं मूळ पसरवायचं, अपेंडिक्स काढायचं. आतडं "नॉर्मल" जागी नेऊन बसवत नाहीत. लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवून देतात, कारण तसं ठेवलं की पुन्हा पीळ पडण्याची शक्यता कमी.

ड्युओडेनमचा तिसरा भाग महाधमनी आणि तिच्यातून निघणाऱ्या मेसेंटरिक धमनीच्या बेचक्यातून जातो. मध्ये चरबीची गादी असते. थोड्या काळात वजन खूप घटलं की ती गादी जाते, बेचकं कात्रीसारखं मिटतं आणि आतडं दाबलं जातं. यावरचा पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून वजन वाढवणं हा आहे. अडथळ्याच्या पुढे नळी नेऊन तिच्यातून आहार द्यायचा. काही आठवड्यांत गादी परत आली की वाट उघडते. तसं झालं नाही तर अडलेल्या भागाला बगल देऊन ड्युओडेनम थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

सर्वांत अवघड मला वाटतो तो कोष. पोटाचं आतलं अस्तर जाड, पांढरट होऊन लहान आतड्याभोवती रेशमाच्या किड्यासारखा कोष विणतं. १९०७ मध्ये याचं पहिलं वर्णन झालं, कोषाचं नाव १९७८ मध्ये मिळालं. पोटातून डायलिसिस अनेक वर्षं घेतलेल्यांत, पोटाच्या क्षयानंतर, आणि कधी काहीही कारण न सापडता तरुण मुलींत हा आजार होतो. वारंवार अर्धवट अडणं, वजन उतरणं, पोटात मऊ गोळा लागणं. ऑपरेशन म्हणजे तो कोष तासन्‌तास सोलणं. घाईत आतड्याला एक भोक पडलं तरी ती जागा पुढे गळण्याची भीती असते, कारण भिंत आधीच रोगट. म्हणून वरवर घट्ट दिसणाऱ्या त्या गुंत्यातून आतड्याचे मोठे तुकडे काढण्याचा मोह टाळायचा, आणि आतडं मेलेलं असेल तेवढंच काढायचं. पोट उघडल्यावर पहिल्यांदाच असा कोष समोर आला तर अनुभवी सहकाऱ्याला बोलावून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

आणि पोट न उघडण्याचं कारण: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. डोस प्रमाणाबाहेर गेला तर आतड्याच्या भिंतीतच रक्त साकळतं, भिंत जाड होऊन वाट बंद होते. स्कॅनमध्ये ते ओळखू येतं. औषध थांबवून, त्याचा असर उतरवून, नळी-सलाइनवर ठेवलं तर बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी दवाखान्यात सोबत न्यावी ती यासाठीही.

टेबलावर

कारण कोणतंही असो, काही पायऱ्या सारख्याच. भूल देताना साचलेलं द्रव फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून जठर आधी नळीने रिकामं करतात. फुगलेलं आतडं पातळ आणि फाटायला सोपं असतं, त्यामुळे दुर्बिणीने करता येणारं प्रत्येक ऑपरेशन दुर्बिणीने करावंच असं नाही. सर्जन शोध सुरू करतो तो बहुधा खालून: लहान आतडं संपतं तिथलं बारीक, रिकामं आतडं धरून वर वर जायचं. ते एकदम फुगलेलं होतं तिथे कारण सापडतं.

आवळलेलं सोडवल्यावर जांभळ्या आतड्याकडे पाहत थांबायचं असतं. कोमट सलाइनने भिजवलेले कपडे गुंडाळतात, रुग्णाला भरपूर ऑक्सिजन देतात, दहा-पंधरा मिनिटं जाऊ देतात. रंग परतला, हालचाल दिसली, मेसेंटरीत ठोके लागले तर ते ठेवायचं. आता काही ठिकाणी शिरेत हिरवं रंगद्रव्य देऊन खास कॅमेऱ्यातून रक्त कुठवर पोचतंय तेही पाहतात. तरी शंका उरली आणि लांबी खूप असली तर नक्की मेलेलं तेवढं काढून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून पाहतात. नातेवाइकांना हे दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं फसल्यासारखं वाटतं. ते पहिल्याच ऑपरेशनमध्ये ठरलेलं असतं, आणि आतडं वाचवण्यासाठीच असतं.

किती कापलं यापेक्षा किती उरलं, हे जास्त महत्त्वाचं. मोठ्या माणसाचं २०० सेंटिमीटरपेक्षा कमी लहान आतडं उरलं तर पोषणाचे गंभीर प्रश्न उभे राहू शकतात. शेवटचा भाग ६० सेंटिमीटरहून अधिक काढावा लागला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि बहुधा जन्मभर त्याची इंजेक्शनं घ्यावी लागतात. तिथूनच पित्तक्षारही परत शोषले जातात, त्यामुळे काहींना दीर्घकाळ जुलाब होतात आणि त्यांना ते अपचन वाटत राहतं. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर म्हणून तीन गोष्टी लिहून मागाव्यात: कारण काय सापडलं, आतड्याचा कुठला भाग काढला, आणि किती लांबी शिल्लक आहे. पुढे कधी पोट दुखलं आणि डॉक्टर नवे असले, तर त्यांच्या हातात आधी तो कागद द्यावा.